एका पानाला एक प्रश्न

(चित्रकला शिकणाऱ्या वाचकांच्या पत्रांना निवृत्त कलाशिक्षिकेची उत्तरं)

प्रश्न : बाई, माझं वय ४६. सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. शाळेत असताना एलिमेंटरीला (शाळेतल्या मुलांसाठीच्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला) ‘सी’ ग्रेड मिळाली आणि चित्रकला तिथेच सुटली. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर पुन्हा पेन्सिल हातात घेतली. पहिले दोन-तीन महिने झपाट्याने फरक पडला. मग सगळं थांबलं. रोज एक चित्र काढायचा नेम केला होता, तोही मोडला. आता वही उघडते, तेच गुलाबाचं फूल, तेच डोळे, तीच नारळाची झाडं काढते आणि मिटून ठेवते. उत्साह टिकवायला काय करू? की माझ्यात ते नाहीच?

उत्तर : आधी ‘सी’ ग्रेडचं बोलू, कारण चित्रकला तिथेच सुटली असं तुम्ही लिहिलं आहे. त्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. प्रत्येकाला ठरावीक तास. सातवी-आठवीतल्या मुलीने तेवढ्या तासांत कागदावर काय उतरवलं, एवढंच ती श्रेणी सांगते. तुमचे डोळे आज काय पाहू शकतात, हे तिला कसं कळणार? ती मनातून काढून टाका.

आता तुमचं थांबणं. सुरुवातीला फरक पडला, कारण तेव्हा तुम्ही वस्तूकडे बघत होतात. पाकळी कशी वळते, देठ कुठे जोडला आहे, हे सगळं नवं होतं. दोन-तीन महिन्यांत हाताला फुलाचा एक साचा सापडला. गुलाब म्हटलं की मधे गुंडाळी आणि भोवती पाच-सहा वळणं. डोळा म्हटलं की बदामाचा आकार, आत गोल. आता हात तो साचा गिरवतो आणि डोळ्यांना काही कामच उरत नाही. म्हणून कंटाळा येतो. तुमच्यात उत्साह कमी पडलाय, असं मला वाटत नाही. शंभरदा केलेली बेरीज पुन्हा करायला कोणाला हुरूप येईल?

म्हणून ‘रोज एक चित्र’ हा नेम सोडून द्या. त्याऐवजी एका पानाला एक प्रश्न द्या. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि त्याखाली प्रश्न, पेन्सिलीनेच, एका ओळीत. चित्र पूर्ण झालं की नाही हे बघायचं नाही. उत्तर सापडलं की पान संपलं.

घरातला पितळेचा तांब्या घ्या. स्टीलचा असला तरी चालेल, पण त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं आणि नवख्याचा गोंधळ होतो. तांब्या टेबलावर ठेवा आणि खिडकीचा उजेड एकाच बाजूने येऊ द्या. तुम्ही उजव्या हाताने काढत असाल तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते.

पहिल्या दिवशीचा प्रश्न : तांब्या किती उंच आणि किती रुंद? पेन्सिल हातात धरून हात समोर सरळ ताणा. कोपर वाकता कामा नये, वाकलं की माप बदलतं. एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या पोटाच्या एका कडेला लावा आणि दुसऱ्या कडेवर अंगठा आणा. ते माप तसंच धरून पेन्सिल उभी करा आणि उंचीशी ताडून बघा. पुष्कळांना इथेच धक्का बसतो. आपल्याला वाटतं तांब्या उंच आहे, आणि माप सांगतं की तो जवळजवळ जेवढ्यास तेवढा आहे. मग गळा मोजा. वर्गात बहुतेक मुलं गळा दुप्पट लांब काढायची. गळ्यावरून तांब्या ओळखू येतो ना, म्हणून मन त्याला मोठा करतं. त्या दिवशी छटा वगैरे काही द्यायची नाही. चौकट, मधली उभी रेषा, पोट, गळा, तोंड यांच्या जागा, बस्स.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न : तोंड जास्त गोल की बूड? याचं उत्तर मिळवायला एक पेला हातात घ्या आणि त्याची कड अगदी डोळ्यांच्या पातळीवर धरा. कड सरळ रेषेसारखी दिसेल. आता पेला हळूहळू खाली न्या. रेषा उघडते, तिचं लंबवर्तुळ होतं. पेला जितका खाली जाईल तितकं ते फुगत जातं आणि पायाशी ठेवून वरून बघितलात तर पुरतं वर्तुळ दिसतं. म्हणजे डोळ्यांपासून जे जास्त खाली, ते जास्त गोल. तांब्याचं बूड तोंडापेक्षा खाली आहे, तेव्हा बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली हवी. तरीही दहातले आठ जण बूड सरळ रेषेने काढतात, कारण त्यांना ठाऊक असतं की टेबल सपाट आहे आणि तांब्या त्यावर नीट बसलाय. इथे ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसतंय तेच काढायचं असतं. आणि लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना कोपरे येऊ देऊ नका. ते टोकालाही वळतंच.

हे एकदा डोळ्यांत बसलं की चहाचा कप, बादली, विहिरीचा कठडा, बैलगाडीचं चाक, सगळीकडे तेच सापडायला लागतं. ऑफिसात समोर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाकडे तुम्ही बघत राहाल. मला ज्या उत्साहाची खात्री वाटते तो हाच. तो पेन्सिल हातात नसतानाही चालू असतो, आणि संध्याकाळी वही उघडायला तोच लावतो.

पुढच्या दिवशी कपाचा कान घ्या, पण कान काढू नका. कान आणि कप यांच्या मधली रिकामी जागा काढा. त्या पोकळीला नाव नसतं, म्हणून मनाकडे तिचा साचाही नसतो. डोळ्यांना नाइलाजाने बघावंच लागतं. त्यानंतर कधीतरी फक्त सावलीचा आकार काढा. डोळे किलकिले केले की बारीकसारीक चकाकी नाहीशी होते आणि उजेडाचा एक तुकडा, अंधाराचा एक तुकडा असं स्वच्छ दिसतं. एक विनंती आहे, छटा बोटाने घासून करू नका. बोटाचं तेल कागदात उतरतं आणि सगळंच मळकट दिसतं. २बी पेन्सिलीच्या (ही जरा मऊ शिशाची असते) रेषा जवळजवळ ओढा, त्या राहू द्या.

उशिरा सुरुवात केल्याची खंत तुमच्या पत्रातून जाणवते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० मध्ये चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आधीचे उद्योग सुटलेले. त्याने शार्ल बार्गच्या रेखाटनाच्या नमुन्यांवरून पुन्हा पुन्हा नकला केल्या. पुढे हेगमध्ये असताना दोऱ्या ताणलेली एक लाकडी चौकट करवून घेतली. ती समुद्राकाठच्या वाळूत रोवून तिच्यातून तो बघायचा, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या वस्तूंची प्रमाणं दोऱ्यांशी ताडता यायची. त्याच्याकडे जिद्द होती हे सगळेच सांगतात. मला त्याची ती चौकट जास्त महत्त्वाची वाटते. त्याला नेमकं काय जमत नाही, हे त्याने शोधून काढलं होतं आणि तेवढ्यासाठी अवजार बनवलं होतं. तुम्हीही जुन्या पुठ्ठ्याला खिडकी कापून त्यावर शिवणाचे दोरे आडवे-उभे चिकटवू शकता.

वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटं पुरतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानं काढून भरपाई करायला जाऊ नका. असे नेम त्या भरपाईपायीच मोडतात. पानं फाडू नका. महिन्याने तोच तांब्या, त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. मोबाइलवर दुसऱ्याचं चित्र अर्ध्या मिनिटात पूर्ण होताना दिसतं, त्याच्याशी ताडून तुम्हाला काहीच कळणार नाही. त्यात त्याचे कित्येक तास कापून टाकलेले असतात.

आणि ‘माझ्यात ते आहे का’ हा प्रश्न पानावर लिहून बघा. त्याचं उत्तर पेन्सिलीने काढता येत नाही. जे काढता येत नाही ते वहीत नको.

प्रश्न : मी नागपूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोटोवर चौकोन आखून पोर्ट्रेट काढतो. सगळे कौतुक करतात, पैसे देऊन काढूनही घेतात. पण परवा आजी समोर बसली होती, तिचं चित्र काढायला गेलो तर काहीच जमलं नाही. मग मी आजवर करत होतो ती फसवणूक होती का?

उत्तर : अजिबात नाही. नक्कल करणं हा शिकण्याचा जुना रस्ता आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांमधल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या कामात होते. त्यांतल्या बऱ्याच नकला पुढे लंडनला आगीत गेल्या, पण त्या करताना मुलांचे डोळे आणि हात तयार झाले, ते कोणती आग नेणार? नक्कल असेल तिथे ‘नक्कल’ असं लिहायचं आणि मूळ कोणाचं तेही लिहायचं, म्हणजे प्रश्न मिटला.

तुझी अडचण चौकोनांत आहे. नाक कुठे आहे हे चौकोन सांगतो, तुला विचारावं लागत नाही. शिवाय फोटोने एक काम आधीच करून ठेवलेलं असतं, खोलीतल्या जिवंत माणसाला त्याने सपाट करून दिलेलं असतं. आजीसमोर ते काम तुला स्वतः करायचं आहे, आणि त्याचा सराव तुला नाही. एवढंच झालंय.

पोर्ट्रेटची कामं चालू ठेव, त्यातून वह्या-पेन्सिलींचा खर्च निघतो. पण आजीला समोर नीट बसवू नकोस. ती बिचारी अवघडून बसेल आणि तूही. ती भाजी निवडत असेल तेव्हा पलीकडे बस. पहिला प्रश्न चेहऱ्याचा नकोच : पाठीचा उतार केवढा? मान त्या उताराच्या पुढे किती आली आहे? एका दमात एक लांब रेषा, दोन मिनिटांत चित्र संपव आणि शेजारी दुसरं सुरू कर. ती हलली तर हलू दे. मेथी निवडणारा हात पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. तो तिथे आला की बघायचं, गेला की काढायचं.

चेहऱ्यावर येशील तेव्हा एक गोष्ट मोजून बघ. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे साधारण निम्म्यावर असतात. फोटोत हे आपोआप बरोबर यायचं. समोर माणूस असला की आपण डोळे वर सरकवतो, कारण डोक्याचा वरचा भाग, केस, अंबाडा, यांच्याकडे कोणी लक्षच देत नाही. आजीच्या डोक्याला तिची सगळी उंची दे, चेहरा तिचा वाटू लागेल.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. स्थिरचित्र चांगलं येतं पण स्मरणचित्रात माणसं काठ्यांसारखी दिसतात आणि मागची माणसं हवेत उडाल्यासारखी वाटतात. मी नेहमी आठवडी बाजारच काढते, कारण तो एकदा पाठ केला आहे. पाहून येतं मग आठवून का येत नाही?

उत्तर : पाठ केलेला बाजार सोड पाहू आता! खरा बाजार तुझ्या गावात भरत असेल, तिथे आईबरोबर जा आणि वही घरी ठेव. जाताना एकच प्रश्न घेऊन जा. एखादा माणूस उजव्या हातात जड पिशवी घेऊन जातो तेव्हा त्याचं बाकीचं अंग काय करतं? बघशील तर धड डावीकडे कललेलं दिसेल, उजवा खांदा खाली ओढलेला आणि मोकळा डावा हात अंगापासून बाहेर गेलेला. घरी येऊन तेवढाच माणूस काढ. काढताना अडशील. पाय कुठे होते? मान कुठे होती? जिथे अडलीस तिथे पानावर छोटी फुली मार. पुढच्या बाजारी त्या फुल्यांची उत्तरं शोधायची. पहिल्यांदा बघताना सगळेच बघतात. फुली मारून दुसऱ्यांदा बघायला गेलीस की ते लक्षात राहतं, कायमचं.

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक याच पद्धतीने मुलांना तयार करायचे, वस्तू नीट बघायला लावायची आणि मग ती समोर नसताना काढायला सांगायची. शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. म्हणजे स्मरण हे काही कोणाला जन्मतः मिळालेलं नसतं, ते शिकवता येतं.

उडणाऱ्या माणसांवर उपाय सोपा आहे. तू सपाट जमिनीवर उभी राहून बघतेस तेव्हा तुझ्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण एकाच आडव्या रेषेत येतात. ती रेषा म्हणजे तुझ्या डोळ्यांची पातळी. फरक पडतो तो पायांत : जवळच्याचे पाय कागदावर खूप खाली, लांबच्याचे वर. आधी फिकट आडवी रेषा आख, सगळ्यांची डोकी तिच्यावर टांग आणि मग पाय सोड. लहान मुलं त्या रेषेच्या खाली, भाजीवाली बसलेली आहे तर तीही खाली, आणि ट्रकच्या टपावर बसलेला हमाल तेवढा वर. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेच्या वेळी उभी राहून बघ, पटकन पटेल.

आणि शेजारणीच्या कागदात डोकावायची सवय असेल तर तीही सोड. माझ्या वर्गात टेबलाभोवती मुलं गोल बसायची आणि मधे किटली असायची. शेजाऱ्याचं बघून काढणारा लगेच सापडायचा, कारण त्याच्या जागेवरून किटलीची चोच डावीकडे दिसत असायची आणि कागदावर ती उजवीकडे. तुझ्या जागेवरून जे दिसतं ते दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. ते तुलाच काढावं लागेल, राणी.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितो आहे. वय ७२. आयुष्यभर चित्रं काढायची हौस होती, सवड आता मिळाली, पण उजव्या हाताला कंप आहे. रेषा थरथरते. नातवंडं म्हणतात, आजोबा छान आहे, पण मला दिसतं ना. या वयात सुरुवात करण्यात अर्थ आहे का? शिवाय पावसाळ्यात इथे कागद सादळतो, त्याचं काय करावं?

उत्तर : काका, जपानचा चित्रकार होकुसाई सत्तरी ओलांडल्यावर, १८३४ मध्ये लिहून गेला की सत्तरीच्या आधी काढलेलं काहीही गणतीत धरण्यासारखं नव्हतं. प्राण्यांची, पक्ष्यांची, झाडांची घडण आपल्याला थोडीफार कळली ती त्र्याहत्तराव्या वर्षी, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर तो आणखी पंधरा वर्षं जगला आणि चित्रं काढत राहिला. तुम्ही त्याच वयाच्या उंबरठ्यावर आहात. तेव्हा अर्थ आहे, पुष्कळ आहे.

कंपाबद्दल डॉक्टरांशी बोलला असालच, नसाल तर बोला. चित्रापुरतं सांगते. छोट्या कागदावर बोटांनी काढलेल्या रेषेत कंप जास्त दिसतो, कारण रेषाच लहान असते. कागद मोठा घ्या, बोर्डाला क्लिपा लावून जरा उभा करा आणि खांद्यापासून हात हलवा. टोकदार पेन्सिलीऐवजी कोळशाची कांडी घ्या आणि ती आडवी धरून रुंद पट्टे ओढा. कडांच्या मागे लागू नका. तुमच्या अंगणातल्या माडाचा अंधार कुठे आहे आणि उजेड कुठे, एवढंच एका कागदाला विचारा. उजेड-अंधाराचे तुकडे जागेवर बसले की थरथरलेली कड चित्राचं काही बिघडवत नाही. झावळ्या तरी कुठे स्थिर असतात? दिवसाच्या कोणत्या वेळी हात त्यातल्या त्यात शांत असतो ते आठवडाभर बघा आणि तीच वेळ चित्राला द्या. नातवंडांना ‘छान आहे का’ विचारू नका. ‘सांगा पाहू, उजेड कुठल्या बाजूने आला आहे?’ असं विचारा. त्यांनी बरोबर सांगितलं तर तुमचं काम झालं.

सादळलेल्या कागदावर कोळसा धरत नाही आणि पेन्सिल ओरखडते, हे खरं आहे. सगळा गठ्ठा एकदम आणू नका, जून ते सप्टेंबर थोडा थोडा कागद आणा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवाल तर आत ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या सुती धोतरात गुंडाळून, आडवा, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, पाठीमागच्या भिंतीला टेकू न देता. काढायच्या आधी कागद पंख्याखाली थोडा वेळ पसरून ठेवा. आणि कोळशाची चित्रं एकावर एक ठेवताना मधे कोरा पातळ कागद घाला, नाहीतर एकाचा माड दुसऱ्यावर उमटेल.